मलाकालची एक टर्म: यूएन मिशनला नाव लागलेल्यांसाठी

यूएन मिशनला नाव लागलं की गावात दोनच प्रश्न विचारतात. डॉलर किती मिळणार, आणि तिकडं गोळीबार असतो का. मी दक्षिण सुदानात मलाकालला एक टर्म करून आलोय, आता पेन्शनीत आहे, आमच्या मंगळवेढा तालुक्यातली काही पोरं सध्या नाव यायची वाट बघतायत आणि सारखी फोन करतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं ओळीनं लिहून टाकू. मी हवालदार क्लार्क होतो, म्हणजे रायफलपेक्षा कागद जास्त हाताळले, त्यामुळं शौर्यकथा वाचायला आला असाल तर इथूनच परत फिरा. पलटणीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

आमची वॉर्निंग ऑर्डर, म्हणजे तयारीला लागा असा हुकूम, आली २०२० च्या सुरुवातीला. सगळी पलटण खूष. मग मार्चमध्ये कोरोना आला आणि एप्रिलमध्ये यूएननं सगळ्या मिशनच्या अदलाबदली ३० जूनपर्यंत थांबवल्या. तिकडची जुनी पलटण तिकडंच अडकली, आम्ही इकडं. जाणार की नाही, कधी जाणार, कुणालाच सांगता येईना, आणि घरी रोज फोनवर तोच विषय. सुट्टी घ्यावी तर तेवढ्यात मूव्ह निघायची भीती, न घ्यावी तर पुढं वर्षभर घर दिसणार नाही. हे वाट बघणं पुढच्या सगळ्यापेक्षा जास्त चिडचिड करायला लावतं, हे आधीच सांगतो.

मेडिकल कडक असतं. शेप-वन, म्हणजे सगळ्यात वरची मेडिकल कॅटेगरी, पाहिजेच. आमचा एक चांगला धडधाकट लान्स नायक, कबड्डी टीमचा, शुगर वर आली म्हणून यादीतून गेला. बिचाऱ्यानं ट्रंकेवर नाव-नंबर रंगवून ठेवला होता. दातांचं काम असेल तर आधीच उरकून घ्या, तिकडं दाढ दुखायला लागली तर हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, तरच पिवळं कार्ड चालतं, आणि २०१६ च्या जुलैपासून ते कार्ड जन्मभरासाठी धरतात. ते ट्रंकेत टाकू नका, अंगावर ठेवा. विमानतळावर आधी तेच मागतात, आणि तेव्हा ट्रंक असते विमानाच्या पोटात.

ट्रेनिंग दिल्लीत झालं. सेंटर फॉर यूएन पीसकीपिंग म्हणून आपल्या आर्मीचं सेंटर आहे, २००० साली सुरू झालेलं, तिथले इन्स्ट्रक्टर शिकवायला होते. अर्धं शिकवणं हे की आजवर जे शिकलात ते जरा बाजूला ठेवा. एलओसीवर समोर दुश्मन असतो. इथं समोर जे कोण बंदूक घेऊन उभे आहेत ते तुमचे दुश्मन नाहीत, पण त्यातला कुणी सिव्हिलियनच्या जिवावर उठला तर त्याला थांबवायचं, आणि त्यासाठी गोळी चालवायचाही अधिकार मॅन्डेटमध्ये, म्हणजे मिशनला नेमून दिलेल्या कामात, आहे. कधी, किती आणि कुणाच्या हुकमानं, यावर लेक्चरवर लेक्चर. खिशात ठेवायला एक छोटं कार्ड मिळतं, ‘नो एक्स्क्यूज’ कार्ड म्हणतात, त्यावर तिथल्या बायकापोरांशी कसं वागायचं याचे नियम. पैसे, बिस्कीट, काम, कशाच्याही बदल्यात काही गैर केलं की नोकरी गेली समजा. पोरं आधी हसतात, मग इन्स्ट्रक्टर एकेक केस सांगायला लागला की वर्ग गप्प होतो.

२०१३ चंही सांगितलं. ९ एप्रिलला दक्षिण सुदानच्या जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ यूएनच्या ताफ्यावर अँबुश झाला, आपले ५ जवान गेले, त्यात एक लेफ्टनंट कर्नल होते. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबोच्या बेसवर जमाव चालून आला, तिथंही आपले दोघं गेले. यातलं घरी काही सांगितलं नाही. हिनं यूट्यूबवर आपलं आपण शोधलं आणि मग दोन दिवस धड बोलली नाही.

घरच्या कागदांचं मात्र मनावर घ्या. कितीतरी जवानांचे कागद मी स्वतः केलेत म्हणून सांगतो. मुलाच्या जन्माची, लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे आपल्या नोकरीच्या रेकॉर्डला, पडली आहे का बघा. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन लग्नाआधीचं राहिलेलं असतं, आई-वडिलांच्या नावानं, ते आत्ताच ठरवून करा, नंतर सासू-सुनेत भांडणं होतात. पगाराचं खातं बायकोबरोबर जॉइंट करा. शेतीची, कर्जाची कामं असतील तर बायकोच्या किंवा भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा, स्टॅम्पपेपर आणि नोटरी धरून माझं हजाराच्या आत भागलं. तरी एका बँकेनं हिला पीककर्जाच्या नूतनीकरणाला चकरा मारायला लावल्याच, साहेब सुट्टीवर, मग फॉर्म जुना, मग म्हणे मालकालाच यावं लागेल. मालक आफ्रिकेत म्हटल्यावर तो म्हणाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. शेवटी आमच्या धाकट्या दिरानं जाऊन आवाज चढवला तेव्हा झालं.

(धाकटा दीर म्हणजे हिचा, माझा भाऊ. घरात तोच शब्द चालतो म्हणून हाताला तोच आला.)

नोव्हेंबर २०२० मध्ये निघालो. दिल्लीहून चार्टर विमान, सगळे युनिफॉर्मवर, डोक्याला निळी टोपी, तोंडाला मास्क. जुबाला, म्हणजे तिथल्या राजधानीत, उतरल्यावर चेहऱ्यावर जी गरम हवा आली ती नोव्हेंबरची वाटेना. मग १४ दिवस क्वारंटाइन. तिथंच यूएनचं ओळखपत्र, चेक-इनचे फॉर्म, नॉमिनल रोल म्हणजे नावांच्या यादीची तपासणी. रोलमध्ये नावाचं स्पेलिंग आणि ओळखपत्रावरचं स्पेलिंग एकच पाहिजे. आपल्याकडं वडिलांचं नाव मधे, आडनाव शेवटी, त्यांच्या फॉर्मला फर्स्ट नेम आणि लास्ट नेम, त्यात आमच्या निम्म्या पोरांची ओळखपत्रं वडिलांच्या नावानं निघाली. वर्षभर एका शिंद्याला तिकडचे लोक ‘मिस्टर तुकाराम’ म्हणायचे. ड्रायव्हर लोकांनी लक्षात ठेवा, आपलं मिलिटरी लायसन असलं तरी यूएनची टेस्ट वेगळी द्यावी लागते, आणि तिकडं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते.

त्यावेळी मिशनचे फोर्स कमांडर आपलेच होते, लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. जुबाला नोटीस बोर्डावर ते नाव वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जुबा ते मलाकाल हवेतून साधारण ५०० किलोमीटर. आम्हाला एमआय-८ नं थोडे थोडे करून नेलं. कानात बोळे घातले तरी आवाज डोक्यात शिरतो. खाली बघावं तर सपाट, नुसतं सपाट, गवत, पाणी, पुन्हा गवत, मधेच गोल झोपड्यांचं एखादं गाव, आणि मग पांढरी नाईल दिसते. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला देश झाला, त्याच वेळी यूएनचं हे मिशन, अनमिस, सुरू झालं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये आपसात यादवी पेटली. मलाकाल त्या भांडणात कितीतरी वेळा इकडून तिकडं गेलं. शहर म्हणून जे होतं त्यातल्या बऱ्याच घरांच्या नुसत्या भिंती राहिल्या होत्या.

आमचा कॅम्प म्हणजे प्रीफॅबच्या खोल्या, भोवती हेस्कोच्या, म्हणजे मातीनं भरलेल्या जाळीच्या, भिंती, तारा, बंकर. आणि लगेच शेजारी पीओसी, प्रोटेक्शन ऑफ सिव्हिलियन साइट, जिथं जीव वाचवून आलेली माणसं २०१३ पासून राहत होती. ताडपत्री आणि पत्र्याच्या झोपड्या, तीस हजारांहून जास्त माणूस. शिल्लुक, नुएर, अशा जमातींचे सगळे दाटीवाटीनं. शिल्लुक लोकांच्या कपाळावर भुवयांच्या वर बारीक गाठींची एक ओळ असते, लहानपणी कातडी कापून केलेली. नुएर पुरुषांच्या कपाळावर आडव्या रेषा. पहिल्या आठवड्यात बघवत नाही, नंतर लक्षातही येत नाही.

मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते मातीनं. हेलिकॉप्टरमधून उतरलो, खाली बघतो तर आमचीच काळी माती. भेगाळलेली, त्या भेगेत हाताचा पंजा जाईल एवढी. आमच्या मंगळवेढ्याच्या शिवारात पाच हजार किलोमीटरवरून परत आणून सोडल्यासारखं झालं. आणि पीओसीत बायका उखळात कांडत काय होत्या, तर ज्वारी. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पोत्यांतून येणारी, आणि आसपास जिथं जमेल तिथं पेरलेली. पीठ भिजवून आंबवतात आणि तापलेल्या सपाट तव्यावर ओततात, मग ताडाच्या पानाच्या एका चौकोनी तुकड्यानं झरझर पसरवतात, कागदासारखं पातळ, आणि कडा सुटली की उचलून घडी घालतात. किसरा म्हणतात त्याला. वास आंबट, चवही आंबट. त्या बाईचा हात एवढा चालायचा की दुसरा किसरा तव्यावर पडेपर्यंत पहिल्याची घडी झालेली. मी मालदांडीची भाकरी खाऊन वाढलेला माणूस, मला तिथं उभं राहून भाकरी थापून दाखवावीशी वाटली, पण ड्युटीवर असं काही करत नाहीत.

आता ऑफिसचं. यूएन सैनिकामागं सरकारला पैसे देतं, त्यावेळी महिन्याला माणशी १४२८ डॉलर होते, ते भारत सरकारला जातात, जवानाला नाही. जवानाच्या हातात यूएनकडून रोजचे १ डॉलर २८ सेंट. महिन्याचे अडतीस-चाळीस डॉलर झाले. सुट्टीचा भत्ता म्हणून दिवसाला साडेदहा डॉलर, सहा महिन्यांत जास्तीत जास्त १५ दिवसांचा. आपल्या सरकारचा भत्ता वेगळा, तो रँकप्रमाणे, त्याचा चालू आकडा तुमच्या पे ऑफिसला विचारा, गावातल्या पारावर विचारू नका. पैसा साठतो हे खरं, कारण तिकडं खर्चायला काही नाही. जवळ ठेवायचे डॉलर नव्या छपाईचे, कोरे, न मोडलेले घ्या. जुन्या नोटा बाजारात घेत नाहीत, आणि लहान नोटांना भावही कमी देतात.

याशिवाय आपण नेलेल्या प्रत्येक गाडीचे, जनरेटरचे, पाण्याच्या प्लांटचे पण यूएन भाडं देतं. म्हणून दर तीन महिन्यांनी त्यांची इन्स्पेक्शन टीम येते आणि सगळं मोजते. बीएमपी, म्हणजे चिलखती गाडी, सुरू करून दाखवा, जनरेटर लोडवर चालवून दाखवा, संडास किती, वॉशिंग मशीन किती, आग विझवायच्या नळकांड्यांची तारीख काय. एका गटातल्या गाड्या ९० टक्क्यांच्या खाली चालू असल्या की भाड्यात कपात. मग त्या आठवड्यात सामानाचे क्यूएम साहेब, गाड्यांचा एमटी हवालदार आणि मी, तिघं झोपत नव्हतो. स्पेअर पार्ट भारतातून समुद्रानं, मग पुढं नदीनं बार्जवर येणार, बार्जच्या ताफ्याला संरक्षण बांगलादेशच्या नदीवरच्या तुकडीचं, आणि ताफा कधी निघेल ते नाईल आणि वरचे साहेब जाणोत. तुमच्या ट्रेडला लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टी, फ्यूज, वॉशर, प्रिंटरची शाई, इकडूनच जास्तीच्या न्या.

लंगर आपलाच, कुक आपले, पण राशन यूएनचं. माणशी दिवसाला ४५०० कॅलरीच्या हिशोबानं. पीठ, तांदूळ, डाळ, फ्रोझन चिकन, सफरचंद, ज्यूस. भूक कधी राहिली नाही. कंटाळा येतो तो चवीचा. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि मेतकूट न्या, चटणी बॅरकमध्ये चलनासारखी चालते, मी एका डब्यावर महिनाभर दुसऱ्याकडून दाढी-कटिंग करून घेतलं.

१ फेब्रुवारी २०२१ ला त्या देशानं घड्याळ एक तास मागं घेतलं. आधी घरच्यापेक्षा अडीच तास मागं होतो, आता साडेतीन. ऐकायला काही नाही, पण इकडं रोलकॉल संपवून मोबाईल हातात घ्यायचो तोपर्यंत पोरगा झोपलेला. झैन नाहीतर एमटीएनचं सिम, आणि वेल्फेअरचं वायफाय जे रात्री आठ ते दहा सगळेच वापरतात म्हणून तेव्हा चालतच नाही. मी पहाटे चारला उठून फोन करायला लागलो. घरी साडेसात, शाळा ऑनलाइन, पोरगा दात घासत घासत बोलायचा.

मग एप्रिल आला. घरचे सगळे माझ्या काळजीत होते, आणि इकडं मलाकालमध्ये ४० च्या वर ऊन सोडलं तर आम्ही बरे होतो. उलट महाराष्ट्रात दुसरी लाट. आमच्याकडं तर १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक, सभा, गर्दी, कुणाच्या तोंडाला मास्क नाही. रोज बॅरकमध्ये कुणाचा तरी फोन वाजायचा आणि तो उठून बाहेर जायचा. आमच्या चुलत्यांना सोलापूरला नेलं, बेड मिळाला, ऑक्सिजनसाठी भाऊ रात्रभर फिरला, तिसऱ्या दिवशी गेले. निळी टोपी घालून दुसऱ्या देशातल्या माणसांचं रक्षण करतोय आणि स्वतःच्या घरच्याला खांदा द्यायला नाही. फ्लाइट नाही, जरी मिळाली तरी दोन्हीकडचं क्वारंटाइन धरून सुट्टी तिथंच संपणार. एसएम साहेबांनी, म्हणजे सुभेदार मेजरांनी, मला ऑफिसातून उठवलं, म्हणाले, ‘चल, माझ्याबरोबर चक्कर मार.’ आम्ही हेस्कोच्या आतल्या कडेनं चालत राहिलो, ते काही बोलले नाहीत, मीही नाही. जे कोण जाणार आहेत त्यांनी घरच्यांना एवढं सांगून ठेवा, की वाईट बातमी असेल तर लपवू नका. मला पहिला दिवस कुणी सांगितलंच नव्हतं, ते जास्त लागलं.

लस तिकडंच घेतली, कोविशिल्ड. भारतानं यूएनच्या शांतिसैनिकांसाठी २ लाख डोस भेट दिले होते, मार्चमध्ये मुंबईहून रवाना झाले. बाटलीवर पुण्याच्या सिरमचं नाव. नर्सिंग असिस्टंट नगरचा, तो म्हणाला, घ्या, गावाकडचं पार्सल.

मे महिन्यात पाऊस सुरू झाला आणि काळ्या मातीनं रंग दाखवला. तिकडं डांबर नाहीच, मुरूम टाकलेली वाट तेवढी टिकते. गाडी दहा फूट गेली की चाकाला माती लपेटून चाकच फिरायचं बंद. बुटाला किलो-किलो चिकटते, खरवडायला लोखंडी पट्टी लागते, ती दाराशी टांगलेली असायची. जमिनीवरच्या लांबच्या पेट्रोल, म्हणजे गस्ती, बंद, मग हेलिकॉप्टर किंवा बोट, आणि ढग आले की हेलिकॉप्टर रद्द. राशन अडकलं तर १४ दिवसांचा साठा ठेवावाच लागतो, त्याला हात लावायची वेळ आली नाही, पण ताजी भाजी आठवडे दिसली नाही. इंजिनिअरवाले बांध घालून पाणी कॅम्पाबाहेर ठेवायचे. रात्री बेडूक एवढे ओरडायचे की पहाऱ्यावरच्या संत्रीला दुसरं काही ऐकू येत नसे.

मी क्लार्क असलो तरी एकदा कोडोकच्या पेट्रोलला नाव लागलं. नाईलच्या पश्चिम काठावर, शिल्लुक राजाचं ठिकाण. याचंच जुनं नाव फशोदा, १८९८ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच इथं आमनेसामने येऊन लढाईला टेकले होते म्हणे. आता काय, झाडाखाली बसलेली माणसं, बकऱ्या, आणि नदीत वाहत येणारी जलपर्णी. आपल्या पलटणीबरोबर जनावरांचे डॉक्टर असतात, मलाकालमध्ये त्यांच्या दवाखान्यापुढं सकाळपासून गाढवं, गाई, बकऱ्या उभ्या. पीओसीतलं पाणी गाढवांच्या गाड्यांवर चालतं, त्यामुळं गाढव लंगडलं की एका घराची कमाई बंद. माझं मत विचाराल तर तिकडं आपली जी इज्जत आहे त्यातली अर्धी त्या डॉक्टरांची आहे.

आमच्याबरोबर दुभाषी म्हणून एक शिल्लुक माणूस असायचा. त्यानं विचारलं, लग्नात मुलीच्या बापाला किती गाई दिल्या. म्हटलं, आमच्याकडं उलटं, मुलीचाच बाप खर्च करतो. तो थांबला, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं आणि सगळे मला नीट बघायला लागले, माझ्यात काय खोट आहे म्हणून.

गोळीबाराचं राहिलं. रात्री लांबून आवाज येतात, सायरन होतो, बंकरमध्ये जायचं, हेडकाउंट द्यायचा, तासा-दोन तासानं ‘ऑल क्लिअर’. आमच्या टर्ममध्ये आमच्यातलं कुणी गेलं नाही. बंकरमध्ये पाण्याची बाटली आणि ओळखपत्र घेऊन जा, हेडकाउंट त्याच्यावरूनच होतो.

९० दिवस झाले की यूएन मेडलला पात्र होता, परेड पुढं सोयीनं होते. मेडलच्या मागच्या बाजूला इंग्रजीत लिहिलेलं असतं, शांततेच्या सेवेत. मला ते मिळालं त्या दिवशी बडा खाना होता आणि मी सीओ साहेबांसाठी पाहुण्यांची यादी टाईप करत होतो.

परतीचं काम येण्यापेक्षा किचकट आहे. सामान पुढच्या पलटणीला देताना पुन्हा मोजणी, पुन्हा सह्या, चेक-आउटच्या फॉर्मवर प्रत्येक विभागाचा शिक्का, कुठं एक वायरलेस सेट किंवा गाडीची चावी बाकी असेल तर तिथंच अडतं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीला उतरलो, तेव्हा ओमिक्रॉनची धावपळ, परत टेस्ट, परत थांबा. घरी पोचलो तर पोरगा माझ्या खांद्याला लागत होता आणि पहिल्या दिवशी जरा लाजूनच बोलत होता.

आल्यावर दोन गोष्टी विसरू नका. टूरची आणि मेडलची नोंद पार्ट टू ऑर्डरला पडली का ते स्वतः जाऊन बघा, क्लार्कवर सोडू नका, मी क्लार्क असून सांगतोय. आणि मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरनं सांगितल्यात तेवढे आठवडे परत आल्यावरही घ्यायच्या, घरी आलो म्हणून बंद करायच्या नाहीत. आमच्या एका जवानाला सुट्टीत ताप आला, गावच्या डॉक्टरला तो आफ्रिकेतून आलाय हे बोललाच नाही, चार दिवस टायफॉईडची औषधं चालली, शेवटी मिलिटरी हॉस्पिटलला नेल्यावर रक्तात फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया, निघाला. वाचला. पण पुढचे काही महिने कधीही ताप आला तर नाव सांगायच्या आधी दक्षिण सुदान सांगा.